'नो'मधला मुका 'के'

के-एन-ओ-डब्ल्यू, 'नो', म्हणजे जाणणे. यातला 'के' म्हणायचा नाही, एवढं शाळेत पाठ करून घेतलं जातं. का म्हणायचा नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. खरं तर इंग्रज लोक शेकडो वर्षं तो म्हणत होते. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'क्नावान' असं होतं आणि शेक्सपिअरच्या काळातही 'क' ऐकू येत असे. तो गेला सतराव्या शतकाच्या आसपास. पण कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना घातला १४७६ साली. म्हणजे उच्चार बदलला तोवर स्पेलिंग छापून छापून घट्ट झालं होतं.

'क्नो' असं हळू म्हणून बघा. 'क'साठी जिभेची मागची बाजू टाळ्याला टेकते आणि ती सुटायच्या आत 'न'साठी जिभेचं टोक पुढे वर जातं. अडलेली हवा तोंडातून फुटण्याऐवजी नाकावाटे निसटते, त्यामुळे 'क'चा ठसका ऐकूच येत नाही. अर्थात जर्मन माणूस गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो, इंग्रज मात्र स्पेलिंगात 'के' असूनही नुसतं 'नी'.

या गुडघ्यातच पुढचा धागा आहे. संस्कृतात गुडघा म्हणजे 'जानु'. इंग्रजीचा 'क्न' तिथे संस्कृतचा 'ज-न', आणि 'क्नावान'च्या जागी संस्कृतचा 'ज्ञा' धातू! मूळ भारोपीय भाषेतला, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांच्या पूर्वज भाषेतला, 'ग'सारखा एक ध्वनी संस्कृतात 'ज' झाला, ग्रीक-लॅटिनमध्ये 'ग'च राहिला आणि जर्मन-इंग्रजीच्या पूर्वज भाषेत 'क' झाला. यातल्या 'ग'चा 'क' होण्यासारख्या बदलांचे नियम याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडले; परीकथा गोळा करणारा ग्रिम तो हाच. तेव्हा डॉक्टरांच्या 'डायग्नोसिस'मधला 'ग्नो', आपलं 'ज्ञान', 'जाणणे' आणि इंग्रजांचं 'नो' हे सगळं एकाच घराण्यातलं. ('ज्ञ'चा उच्चार आपण 'द्न्य' करतो, हिंदीवाले 'ग्य'. हा वाद इथे नको.)

आणि अक्षर गाळणारे एकटे इंग्रज नव्हेत. जुन्या मराठीत 'न जाणे'चं 'नेणे' झालं, 'ज' चक्क गायब! संतांच्या अभंगांत हा 'नेणे' पदोपदी भेटतो.

अर्थाच्या बाबतीत हे क्रियापद जरा हावरट निघालं. जुन्या इंग्रजीत 'क्नावान' म्हणजे मुख्यतः ओळखणं. एखादी गोष्ट माहीत असणं यासाठी 'विटान' होतं, आपल्या 'वेद', 'विद्या'मधल्या 'विद्'चं भावंड. जर्मनने 'केनेन' आणि 'विसेन' असे दोन्ही प्रकार जपले. इंग्रजीत 'नो'ने दुसऱ्याचंही काम बळकावलं. म्हणून आपण माणूस ओळखतो, पत्ता आपल्याला माहीत असतो आणि पोहणं 'येतं', तिथे इंग्रज तिन्हीकडे 'नो' लावून मोकळा होतो. माहीत असणं ही त्यांच्या लेखी स्थिती आहे, चालू असलेली कृती नव्हे. त्यामुळे 'आय अ‍ॅम नोइंग' म्हटलं की त्यांना खटकतं.

उच्चारापुरतं सांगायचं तर इंग्लंडातला प्रचलित 'नो' आपल्या 'ओ'वर थांबत नाही, शेवटी किंचित 'उ'कडे झुकतो. 'नॉलेज'चा शेवट 'लेज' नसून 'लिज'. भूतकाळी रूप ब्रिटिश 'न्यू' म्हणतात, बरेचसे अमेरिकन 'नू'. आणि 'अ‍ॅक्नॉलेज' या शब्दात तो जुना 'क' अजूनही स्पष्ट ऐकू येतो. तिथे त्याला मागच्या स्वराचा टेकू मिळाला, म्हणून तो वाचला.