तंबाखू निर्गुंतवणूक चळवळ

विद्यापीठांच्या अक्षयनिधीतील (देणग्यांतून उभारलेल्या व गुंतवून ठेवलेल्या निधीतील) तंबाखू कंपन्यांचे शेअर विकून टाकावेत, या मागणीसाठी अमेरिकेतील विद्यार्थी व अध्यापकांनी मुख्यतः १९९० च्या सुमारास सुरू केलेली चळवळ. मराठी वृत्तपत्रांत ‘निर्गुंतवणूक’ म्हणजे सरकारी कंपन्यांतील भागविक्री. येथे मात्र नैतिक कारणास्तव शेअर काढून टाकणे, असा अर्थ अभिप्रेत आहे.

उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो वैद्यकीय वर्तुळात शोधतात. ॲलन ब्लम यांनी १९७७ मध्ये स्थापलेल्या ‘डॉक्टर्स ऑट टू केअर’ या संघटनेने सिगारेटच्या जाहिरातींविरुद्ध तरुण डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी उभे केले होते. इतरांच्या मते ही दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनाची शाखा होय. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांचे शेअर विद्यापीठांनी विकावेत म्हणून विद्यार्थ्यांनी जी पद्धत घडवली, तीच तंबाखूला लावली गेली. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र पद्धतीचे मूळ आणखी मागे जाते. एप्रिल १९७२ मध्ये हार्वर्डच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी मॅसॅच्युसेट्स हॉल या प्रशासकीय इमारतीत ठाण मांडले. पोर्तुगालच्या ताब्यातील अंगोलात तेल काढणाऱ्या गल्फ ऑइलचे शेअर विद्यापीठाने विकावेत, अशी त्यांची मागणी होती. शेअर विकले गेले नाहीत. पण त्याच वर्षी भागधारकाच्या जबाबदारीविषयी सल्ला देणारी समिती नेमली गेली आणि तीत विद्यार्थ्यांना जागा मिळाली. तंबाखूचा प्रश्न पुढे मांडायला हे दार उघडे होते.

पहिला मान कोणाचा, हाही वादाचा मुद्दा. हार्वर्ड आणि सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क यांचे निर्णय १९९० च्या मे महिन्यात, जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध झाले. हार्वर्डचे अध्यक्ष डेरेक बोक यांनी जाहीर केले तेव्हा सुमारे ५.८ कोटी डॉलरचे शेअर विकून झाले होते. त्यामुळे विक्रीचा काळ आणि घोषणेचा काळ यांची संदर्भग्रंथांत गल्लत आढळते. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये ‘टोबॅको डायव्हेस्टमेंट प्रोजेक्ट’ सुरू झाला. जॉन्स हॉपकिन्स (१९९१), स्टॅनफर्ड (१९९८) व मिशिगन (२०००) या विद्यापीठांनी पुढे हाच मार्ग धरला.

विद्यार्थ्यांचा रोख केवळ अमेरिकेतील विक्रीवर नव्हता. १९८० च्या दशकात अमेरिकी सरकारने व्यापारी निर्बंधांची धमकी देऊन जपान, तैवान व दक्षिण कोरिया यांच्या बाजारपेठा अमेरिकी सिगारेटना खुल्या करून घेतल्या. आपल्या शिक्षणाचा खर्च परदेशातील नव्या व्यसनींकडून मिळणाऱ्या नफ्यातून भागतो, हे टोचणारे सत्य होते. ‘इन्फॅक्ट’ या संघटनेने १९९४ पासून फिलिप मॉरिस व आरजेआर नॅबिस्को या सिगारेटबरोबर खाद्यपदार्थही विकणाऱ्या कंपन्यांच्या खाद्यपदार्थांवर बहिष्कार पुकारला. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार संमत झाल्यावर हा बहिष्कार मागे घेतला गेला.

परिणामाबाबत अर्थतज्ज्ञ साशंक आहेत. एकाने विकलेला शेअर दुसरा घेतो, कंपनीच्या भांडवलाला धक्का बसत नाही. हाँग व काचपरचिक यांच्या २००९ च्या अभ्यासात अशा ‘पापी’ (तंबाखू, दारू व जुगार कंपन्यांच्या) शेअरांचा परतावा सरासरीपेक्षा जास्तच आढळला. अर्थात मोठ्या संस्था हे शेअर तुलनेने कमी बाळगतात, हेही त्यातच नोंदले आहे. चळवळीचे यश किमतीत मोजणे चुकीचे ठरते. सिगारेट कंपनीचा भागधारक असणे ही लाजेची बाब आहे, हे प्रतिष्ठित संस्थांनी लेखी मान्य केले, आणि तेच विद्यार्थ्यांना हवे होते.

भारताने २००४ मध्ये वरील कराराला अनुसमर्थन दिले. कराराच्या ५.३ या अनुच्छेदाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शासकीय संस्थांनी तंबाखू उद्योगात आर्थिक हितसंबंध ठेवू नयेत. आयुर्विमा महामंडळासह सार्वजनिक विमा कंपन्यांच्या तंबाखू उद्योगातील गुंतवणुकीविरुद्ध २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. ती विद्यार्थी चळवळीतून आली नव्हती.