सर्का : स्नायुपेशीतील कॅल्शियम पंप

सर्का हा माणसाच्या स्नायुपेशीतील प्रमुख कॅल्शियम पंप आहे. ‘सार्को-एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम कॅल्शियम एटीपीएज’ या लांबलचक नावाचे हे रूढ झालेले लघुरूप. पेशीद्रवात आलेले कॅल्शियमचे आयन उचलून सार्कोप्लाझ्मिक जालिका या पेशीच्या आतल्या साठवणीच्या जागेत परत भरणे, हे या प्रथिनाचे काम. त्यासाठी ते एटीपी या पेशीतल्या इंधनाचा एक रेणू खर्च करते आणि त्या बदल्यात कॅल्शियमचे 2 आयन आत नेते.

स्नायू आवळायला ताकद लागते आणि तो सैल सोडला की खर्च थांबतो, असे आपण सहज धरून चालतो. पेशीच्या पातळीवर हे खरे नाही. सैल होण्यालाही इंधन लागते आणि ते बव्हंशी हा पंप वापरतो. जोर लावलेल्या स्नायूत जेवढे एटीपी खर्च होते, त्यातला साधारण तिसरा हिस्सा आयन उपसण्यावर जातो आणि त्यातही मोठा वाटा सर्काचा असतो. शालेय पुस्तकांत स्नायू आखडवणाऱ्या ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या सरकण्याला पानभर जागा मिळते, कॅल्शियम परत नेण्याला मात्र एखादे वाक्य. हे प्रमाण बदलायला हवे, कारण पहिले आकुंचन संपून दुसरे सुरू होते ते या पंपामुळेच.

कॅल्शियमची ये-जा : विश्रांत स्नायुपेशीच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम लिटरला सुमारे 0.1 मायक्रोमोल इतके कमी असते. जालिकेच्या आत ते याच्या साधारण 10,000 पट असते. चेतातंतूकडून संदेश आला की जालिकेच्या पटलातले रायनोडीन ग्राही नावाचे दरवाजे उघडतात आणि कॅल्शियम पेशीद्रवात धावते. तिथले प्रमाण काही मिलिसेकंदांत दहापटीहून अधिक वाढते. कॅल्शियम ॲक्टिनच्या तंतूवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, वाट अडवून बसलेले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन बाजूला सरकते, मायोसिनला ॲक्टिनवर पकड घेता येते आणि स्नायू आखडतो. पुढे दरवाजे बंद होतात, पण बाहेर आलेले कॅल्शियम तिथेच असते. ते हटेपर्यंत पकड सुटत नाही. ते हटवणे हे सर्काचे काम.

आत गेलेले कॅल्शियम मोकळे राहिले असते, तर पंपाला दर फेरीला अधिकाधिक चढ चढावा लागला असता. जालिकेतले कॅल्सेक्वेस्ट्रिन हे प्रथिन आयनांना सैलसर धरून ठेवते. एकेक रेणू चाळीसच्या आसपास आयन सांभाळतो. त्यामुळे साठा मोठा राहतो, पण मुक्त आयनांचे प्रमाण मर्यादेत राहते.

ऊर्जेचा हिशेब : शरीराच्या तापमानाला 10,000 पटींच्या चढावर एक मोल कॅल्शियम नेण्यासाठी सुमारे 24 किलोज्यूल ऊर्जा लागते. जालिकेच्या पटलावर म्हणण्यासारखा विद्युत्‌दाब नसतो, त्यामुळे त्याचा वेगळा खर्च धरावा लागत नाही. एका एटीपीमागे 2 आयन म्हणजे मोलमागे सुमारे 48 किलोज्यूल. जिवंत स्नायूत एटीपीच्या विघटनातून मोलमागे साधारण 50 ते 60 किलोज्यूल मिळतात. माणसाने बनवलेल्या कोणत्याही पंपाला हेवा वाटावा इतकी ही कार्यक्षमता आहे, आणि त्यामुळेच हातात शिल्लक फार थोडी उरते. थकलेल्या स्नायूत एटीपीच्या विघटनातून उरणारे एडीपी व फॉस्फेट साचले की एटीपीतून मिळणारी ऊर्जा घटते आणि तिची झळ सर्काला लवकर बसते. दमलेला स्नायू सैल व्हायला वेळ लावतो, त्यामागचे हे एक कारण आहे. याच अडचणीवर उतारा म्हणून क्रिएटिन कायनेज हे विकर जालिकेच्या पटलाला लागूनच असते. पंपाशेजारी तयार झालेल्या एडीपीचे तिथल्या तिथे पुन्हा एटीपी करणे हे त्याचे काम.

रचना : वेगवान स्नायूंतील सर्का-1 हा सर्काचा प्रकार म्हणजे 994 ॲमिनो आम्लांची एकच साखळी असून तिचा रेणुभार सुमारे 110 किलोडाल्टन आहे. साखळीचे दहा मळसूत्री भाग जालिकेचे पटल आरपार ओलांडतात. पेशीद्रवाच्या बाजूला तीन मोठे भाग बाहेर डोकावतात. त्यांना एन, पी आणि ए अशी नावे आहेत. एन भाग एटीपी धरतो. पी भागातल्या 351 व्या जागेवरच्या ॲस्पार्टिक आम्लावर एटीपीतला फॉस्फेट गट येऊन बसतो. ए भाग या दोघांच्या हालचालीचा परिणाम खाली पटलातल्या मळसूत्रांपर्यंत पोहोचवतो. कॅल्शियम बसायच्या दोन जागा पटलाच्या आत, शेजारीशेजारी आहेत. एटीपीची जागा मात्र तिथून बरीच वर, पेशीद्रवात. या दोन ठिकाणांमध्ये सुमारे 5 नॅनोमीटरचे अंतर आहे. रेणूच्या मापाने हे अंतर मोठे आहे आणि पंपाचे सगळे रहस्य ते पार करण्यात आहे.

जपानमधील चिकाशी तोयोशिमा यांच्या गटाने 2000 मध्ये सशाच्या स्नायूतून काढलेल्या सर्काची कॅल्शियम धरलेल्या अवस्थेतील रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. पाठोपाठ 2002 मध्ये कॅल्शियम सोडलेल्या अवस्थेतील रचनाही प्रसिद्ध झाली. पहिल्या चित्रात पेशीद्रवातले तिन्ही भाग एकमेकांपासून लांब फाकलेले दिसतात, तर दुसऱ्यात ते एकत्र मिटलेले. पंप म्हणजे नेमके काय हलते, हे तोपर्यंत केवळ तर्काने सांगितले जात होते.

एक फेरी : सुरुवातीला कॅल्शियमच्या दोन्ही जागा पेशीद्रवाकडे उघड्या असतात आणि त्यांची कॅल्शियमवरची पकड घट्ट असते. पेशीद्रवात एखाद-दुसरा मायक्रोमोल कॅल्शियम असले तरी ते त्यांना पकडता येते. आयन एकामागून एक येतात. पहिला बसला की दुसऱ्याची जागा नीट आकाराला येते. दुसरा बसला की 309 व्या जागेवरचे ग्लुटामिक आम्ल वरून झाकण घालते. दोन्ही आयन जागेवर आल्याशिवाय पी भागातील ॲस्पार्टिक आम्ल फॉस्फेट घ्यायला तयार होत नाही, म्हणजे रिकाम्या फेरीत एटीपी सहसा वाया जात नाही.

आता एन भाग एटीपीसह पी भागावर कलतो, फॉस्फेट गट ॲस्पार्टिक आम्लावर जातो आणि कॅल्शियम दोन्ही बाजूंनी कोंडले जाते. दुहेरी दारांच्या खोलीत एक दार बंद झाल्यावरच दुसरे उघडावे, तशी ही शिस्त आहे. दोन्ही दारे एकाच वेळी उघडी राहिली असती, तर जालिकेतला साठा क्षणात बाहेर वाहून गेला असता. यानंतर एडीपी निघून जाते आणि ए भाग सुमारे पाव फेरीहून थोडा अधिक वळतो. त्याच्या ओढीने पटलातली मळसूत्रे तिरकी होतात, कॅल्शियमच्या जागांचा आकार मोडतो, पकड ढिली पडते आणि जालिकेच्या बाजूची वाट उघडते. दोन्ही आयन आत सुटतात. त्यांच्या रिकाम्या जागी 2 ते 3 प्रोटॉन येऊन बसतात आणि परतीच्या वाटेवर पेशीद्रवाकडे जातात. शेवटी ए भागावरचे 183 व्या जागेचे ग्लुटामिक आम्ल पाण्याच्या एका रेणूला नेमक्या ठिकाणी धरते, त्या पाण्याने फॉस्फेट सुटतो आणि पंप मूळ रूपात येतो.

फॉस्फेट घेऊन पुन्हा सोडणाऱ्या या कुळाला पी-प्रकारचे एटीपीएज म्हणतात. डेन्मार्कच्या येन्स स्कोउ यांनी 1957 मध्ये शोधलेला सोडियम-पोटॅशियम पंप याच कुळातला. त्या शोधासाठी त्यांना 1997 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

सर्का तसा संथ पंप आहे. एक रेणू सेकंदाला काही दहाच फेऱ्या करतो, तर उघडलेल्या एका रायनोडीन दरवाजातून तेवढ्या वेळात लाखो आयन जाऊ शकतात. ही तफावत स्नायुपेशी संख्येच्या बळावर भरून काढते. वेगवान तंतूंत जालिकेच्या पटलातील प्रथिनांपैकी निम्म्याहून बरीच अधिक एकट्या सर्काची असतात.

शोधाचा मागोवा : 1883 मध्ये लंडनमध्ये सिडनी रिंगर यांना दिसले, की कॅल्शियमशिवाय बेडकाचे हृदय धडधडत राहू शकत नाही. 1951 मध्ये बी. बी. मार्श यांनी स्नायूच्या अर्कात त्याला शिथिल करणारा एक घटक असल्याचे दाखवले. हा घटक म्हणजे पाण्यात विरघळलेला एखादा पदार्थ असावा, असा बराच काळ समज होता. प्रत्यक्षात ते जालिकेचे फुटलेले, बारीक पिशव्यांसारखे तुकडे होते. एटीपी दिले की ते तुकडे भोवतालचे कॅल्शियम ओढून घेतात, हे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत विल्हेल्म हासेलबाख व मादोका माकिनोसे यांनी, आणि स्वतंत्रपणे सेत्सुरो एबाशी व फ्रिट्झ लिपमान यांनी सिद्ध केले. एक साधा आयन स्नायूला हुकूम देतो, हे त्या काळी अनेक जीवरसायनशास्त्रज्ञांच्या पचनी पडत नव्हते. एबाशी मात्र आपल्या मतावर ठाम राहिले आणि पुढे ट्रोपोनिनही त्यांच्याच प्रयोगशाळेत सापडले. 1970 मध्ये कॅनडाच्या डेव्हिड मॅक्लेनन यांनी हा पंप शुद्ध रूपात वेगळा केला.

प्रकार : माणसात सर्काची तीन जनुके आहेत. सर्का-1 वेगवान कंकाल स्नायूंत, सर्का-2ए संथ स्नायूंत आणि हृदयात, तर सर्का-2बी जवळजवळ सर्व पेशींत आढळते. सर्का-3 रक्तबिंबिका आणि इतर काही पेशींपुरते मर्यादित आहे.

हृदयातील लगाम : हृदयाला दोन ठोक्यांमध्ये नुसते सैल व्हायचे नसते, रक्ताने भरायचेही असते. माणसाच्या हृदयपेशीत दर ठोक्याला बाहेर आलेल्या कॅल्शियमपैकी सुमारे 70 टक्के सर्का-2ए परत घेते. उरलेले मुख्यतः सोडियम-कॅल्शियम विनिमयक पेशीबाहेर टाकतो. इथे पंपाला एक लगाम आहे : 52 ॲमिनो आम्लांचे फॉस्फोलॅम्बन हे छोटे प्रथिन. ते सर्काला चिकटले की पंपाची कॅल्शियमवरची पकड कमी होते. धावताना किंवा घाबरल्यावर ॲड्रेनॅलिन वाढते, फॉस्फोलॅम्बनवर फॉस्फेट चढतो, लगाम सुटतो आणि पंप वेगाने चालतो. हृदय लवकर सैल होते, म्हणून त्याला जलद ठोके देऊनही भरायला वेळ मिळतो. शिवाय साठा वाढल्याने पुढचा ठोका अधिक जोरदार पडतो. भीतीने छातीत धडधडते तेव्हा वेगाइतकाच जोरही जाणवतो, तो यामुळे.

बिघाड आणि आजार : सर्का-1 चे जनुक दोन्ही प्रतींत बिघडले तर ब्रोडी आजार होतो. आयर्विन ब्रोडी यांनी 1969 मध्ये त्याचे वर्णन केले आणि 1996 मध्ये जनुकाशी असलेले नाते स्पष्ट झाले. अशी व्यक्ती जिना भराभर चढली की पाय ताठतात. डोळे घट्ट मिटले तर पापण्या लगेच उघडत नाहीत, मूठ वळली तर ती सावकाश सुटते. थंडीत त्रास वाढतो. नेहमीच्या पेटक्यात स्नायूत विद्युत्‌संदेशांचा गजबजाट नोंदला जातो. इथे ताठर स्नायूत तो नसतो. हुकूम केव्हाच थांबलेला असतो, कॅल्शियम तेवढे मागे राहिलेले असते.

याहून कितीतरी सर्रास दिसणारी गोष्ट थायरॉइडची. थायरॉइड संप्रेरक सर्काची निर्मिती वाढवते. ते कमी पडले की पंप कमी होतात. डॉक्टर टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडी मारतात तेव्हा पाऊल झटक्यासरशी खाली जाते, पण मूळ जागी येताना रेंगाळते. रक्ततपासण्या सहज उपलब्ध नव्हत्या तेव्हा या रेंगाळण्यावरून थायरॉइडची कमतरता ओळखली जाई, आणि आजही हे लक्षण शिकवले जाते.

सर्का-2 चे जनुक एका प्रतीत बिघडले तर डॅरिये हा त्वचेचा आजार होतो. हृदय मात्र बहुतेकांचे व्यवस्थित चालते. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठते त्यातही पंपाचा संबंध आहे. एटीपी संपल्याने कॅल्शियम उपसले जात नाही आणि मायोसिनची पकडही सुटत नाही.

उष्णता : पंप चालतो तेव्हा ऊब निर्माण होते. कंकाल स्नायूंतले 31 ॲमिनो आम्लांचे सार्कोलिपिन हे प्रथिन पंपाला अशा अवस्थेत ठेवते, की एटीपी खर्च होते पण कॅल्शियम पुरेसे आत जात नाही. ते नसलेले उंदीर थंडीत तापमान टिकवू शकत नाहीत, असे 2012 मध्ये दाखवले गेले. तलवार माशात तर डोळ्याच्या एका स्नायूचे रूपांतर कायमच्या तापकात झाले आहे. त्यातील आकुंचनाचे तंतू जवळपास नाहीसे झाले असून कॅल्शियम सोडणे आणि उपसणे एवढेच तिथे चालते. त्या उबेने खोल, गार पाण्यातही माशाचा मेंदू व डोळे तल्लख राहतात. हीच यंत्रणा माणसात जीवघेणीही ठरते. काहींच्या रायनोडीन ग्राहीत जन्मजात दोष असतो. हॅलोथेनसारख्या भूलवायूने त्यांचे दरवाजे उघडेच राहतात, पंप थांबायचे नाव घेत नाहीत आणि शरीराचे तापमान भराभर चढते. यावर डँट्रोलीन हे औषध देतात. ते गळती रोखते, मग पंपाला उसंत मिळते.

उपचारांचे प्रयत्न : भूमध्य समुद्राभोवती उगवणाऱ्या थॅप्सिया गार्गानिका या वनस्पतीतील थॅप्सिगार्गिन सर्काला जखडून टाकते. प्रयोगशाळेत त्याचा वापर रोजचा आहे. 2002 ची रचनाही त्याच्याच मदतीने मिळाली. पण पंप बंद करणे सोपे, त्याला बळ देणे अवघड. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांत सर्का-2ए कमी झालेले असते, म्हणून निरुपद्रवी विषाणूमार्फत त्याचे जनुक हृदयात पोहोचवून पाहिले गेले. सुरुवातीच्या छोट्या चाचणीने आशा वाढवली, पण 250 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत 2015 मध्ये फायदा दिसला नाही. फॉस्फोलॅम्बन काढून टाकणे हा दुसरा मार्ग उंदरांत मानवला, तरी तो जपून धरावा लागतो, कारण फॉस्फोलॅम्बन अजिबात तयार न होणाऱ्या माणसांत हृदयस्नायूचा गंभीर आजार आढळला आहे. 2016 मध्ये डॉर्फ नावाचे एक अतिलहान प्रथिन सापडले. ज्या जनुकातून प्रथिन बनतच नाही असे समजले जात होते, तिथून ते येते. ते फॉस्फोलॅम्बनला सर्कापासून दूर सारते आणि पंपाला मोकळे करते.