वेबहूकची स्थानिक चाचणी

ऑनलाइन सेवांकडून येणारे वेबहूक संदेश हाताळणारा प्रोग्राम, खरा व्यवहार न करता, बनावट घटना पाठवून आपल्याच संगणकावर तपासण्याची पद्धत. वेबहूक म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला आपणहून दिलेली वर्दी. पैसे जमा झाले की पेमेंट गेटवे (दुकानासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) दुकानाच्या ठरलेल्या पत्त्यावर एचटीटीपी पोस्ट विनंती, म्हणजे माहिती सोबत नेणारा वेब संदेश, धाडतो. हा शब्द जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये रूढ केला.

अडचण पत्त्याची असते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या चादरविक्रेत्याची वेबसाइट घरी बसून बनवणाऱ्याचा लॅपटॉप ‘लोकलहोस्ट’ असतो, म्हणजे स्वतःपुरता. गेटवेला तो दिसत नाही. एनग्रोकसारखे टनेल (बाहेरची विनंती लॅपटॉपपर्यंत आणणारी वाट) वापरले तर तात्पुरता जाहीर पत्ता मिळतो. नाहीतर संदेशाचा जेसन मांडणीतला मजकूर फाइलीत ठेवून कर्ल या कमांड लाइन साधनाने पाठवायचा. याला इंटरनेटही लागत नाही. स्ट्राइप या गेटवेच्या कमांड लाइन साधनात तर ‘लिसन’ आणि ‘ट्रिगर’ अशा आज्ञाच आहेत.

बनावट संदेशाचा नमुना मनाने लिहू नये. रेझरपे ही पेमेंट सेवा रक्कम रुपयांऐवजी पैशांत कळवते: ८५० रुपयांची चादर तिथे ८५००० असते. नमुन्यात ८५० लिहिणाऱ्याने प्रोग्रामही त्याच समजुतीने लिहिलेला असतो, त्यामुळे चाचणी झकास पार पडते आणि पहिल्या खऱ्या ऑर्डरीला हिशेबात पंच्याऐंशी हजार दिसतात. गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये (खरे पैसे न हलवता) आलेला संदेश जसाच्या तसा जपून तोच पुन्हा पुन्हा पाठवणे चांगले.

सहीचे प्रकरण अधिक नाजूक. गेटवे गुप्त किल्ली वापरून मजकुराची एचमॅक-शा-२५६ सही (मजकूर आणि किल्ली मिळून निघणारा पडताळणीचा ठसा) काढतो आणि हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या माहितीत, पाठवतो. ती आलेल्या मजकुराच्या मूळ बाइटांवर, काहीही न बदलता, पडताळावी लागते. पायथनमध्ये जेसन उलगडून पुन्हा बांधले की स्वल्पविरामांपुढे जागा सुटते, ‘चादर’सारखा देवनागरी शब्द यूनिकोडच्या सांकेतिक रूपात जातो, सही जुळत नाही आणि खरा संदेशही खोटा ठरतो. यावर वैतागून ‘चाचणीपुरती’ पडताळणी बंद करणारे पुष्कळ. ती ओळ तशीच लाइव्ह गेली, तर पत्ता माहीत असलेला कोणीही न भरलेले पैसे भरल्याचे कळवू शकतो.

रेझरपेला ५ सेकंदांत यशाचे उत्तर न मिळाल्यास ती २४ तास तोच संदेश थांबून थांबून पाठवते. म्हणून एकच फाइल, घटनेचा क्रमांक न बदलता, लागोपाठ दोनदा पाठवून पाहतात. साठ्यातून चादर एकच कमी व्हायला हवी.