प्रायमरी चेनचा टेन्शनर बदलताय? आधी गरम इंजिनचं गणित बघा

प्रायमरी चेन आवाज करायला लागली की पहिला सल्ला ठरलेला, "टाईट करून टाक." टेन्शनर बदलायची वेळ आली की दुसरा, "ऑटोमॅटिक घे, परत बघायलाच नको." सल्ला देणारे मनापासूनच देतात, पण दोन्हीच्या मुळाशी एकच गैरसमज आहे की चेन जितकी टाईट तितकी चांगली.

ही चेन म्हणजे मागच्या चाकाची नव्हे. क्रँकशाफ्टची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) ताकद क्लचपर्यंत नेणारी, कव्हरच्या आत तेलात फिरणारी चेन. बऱ्याच बाईकना तिच्या जागी गिअर असतात, पण जुन्या बुलेटला आणि हार्ली-डेव्हिडसनच्या मोठ्या इंजिनांना चेनच आहे. इथे दोन स्प्रॉकेटमधलं (चेन फिरते त्या दातेरी चाकांमधलं) अंतर पक्कं असतं, चाक मागे ओढून चेन ताणतो तसं काही करता येत नाही, म्हणून खालच्या बाजूला एक शू, म्हणजे चेन ज्यावर घासत जाते तो तुकडा, चेनला टेकवून ठेवतात, तोच टेन्शनर. आणि "चेन ताणली गेली" असं आपण म्हणतो खरं, पण पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही हो, कड्या जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्याभोवतीच्या नळ्या (बुश) झिजतात आणि प्रत्येक कडी किंचित लांब होते. ८० कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक कडीला फक्त ०.०१ मिमी झीज धरली तरी चेन ०.८ मिमी लांब झाली.

०.८ मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? इथेच खरी मजा आहे. कपडे वाळत घालायची दोरी बघा, खुंटीपाशी बोटभर सोडली तर मध्ये वीतभर खाली येते. चेनचंही तेच. समजा स्प्रॉकेटच्या केंद्रांमधलं अंतर २५० मिमी आहे आणि चेन मधोमध १० मिमी वर, १० मिमी खाली हलते, म्हणजे एकूण प्ले २० मिमी. पायथागोरस लावा: १२५ आणि १० या बाजूंचा कर्ण येतो जवळपास १२५.४, त्याची दुप्पट २५०.८. म्हणजे २० मिमीचा हा सगळा प्ले जेमतेम ०.८ मिमी जादा लांबीतून आलेला असतो!

आता इंजिन गरम होऊ द्या. शाळेत शिकलोय की धातू तापला की प्रसरण पावतो, म्हणून बहुतेकांना वाटतं गरम झाल्यावर चेन ढिली पडणार. होतं उलटंच, कारण स्प्रॉकेट ज्यात बसतात ते बाहेरचं कवच ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं (दर अंशाला दहा लाखात साधारण २३ भाग, पोलाद १२), म्हणजे चेन लांबते त्याहून जास्त स्प्रॉकेट एकमेकांपासून दूर जातात. तापमान ८० अंशांनी वाढलं तर २५० मिमीवर हा फरक ०.२२ मिमी, चेनच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजू धरून ०.४४. आपल्या ०.८ मधले ०.३६ उरले, आणि प्ले २० वरून १३ मिमीच्या आसपास आला. जुन्या हार्लीच्या मोठ्या इंजिनांना थंड असताना ५/८ ते ७/८ इंच आणि गरम असताना ३/८ ते ५/८ इंच प्ले सांगितलेला असतो, तो याच हिशोबात बसतो. पण तुम्ही थंड इंजिनवरच १३ मिमी ठेवलात तर जादा लांबी जेमतेम ०.३४ मिमी, गरम झाल्यावर ती संपूर्ण संपते, चेन तारेसारखी ताठ होते आणि क्रँकच्या टोकाच्या नि क्लचमागच्या शाफ्टच्या बेअरिंगवर लोड येतो.

हे कळलं की टेन्शनर निवडणं सोपं. हार्लीने २००६-०७ पासून जो ऑटोमॅटिक टेन्शनर दिला त्यात स्प्रिंग आणि रॅचेट आहे: चेन क्षणभर ढिली पडली की शू एक दात वर सरकतो आणि मागे येत नाही. थंड इंजिनवर झटक्यात एखादा दात जास्त चढला तर गरम झाल्यावर सोडायची सोयच नाही. रॅचेट उगाच दिलेला नाही बरं का, इंजिन ब्रेकिंगला (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनच गाडीला रोखतं तेव्हा) खालची बाजू ताणात येते आणि शूला जोरात दाबते, तो दाब नुसत्या स्प्रिंगला झेपत नाही, शू मागे सरकतो आणि वरची बाजू फडफडते.

माझं मत स्पष्ट आहे, कव्हर उघडून वेळोवेळी प्ले बघायची तयारी असेल तर बोल्टने सेट होणारा मॅन्युअल टेन्शनर घ्या. ती तयारी नसेल तर दोन्हीकडे सरकू शकणारा स्प्रिंगचा, थोडी फडफड चालेल पण बेअरिंग वाचेल. "लाईफटाईम" आणि "पॉवर वाढते" असं छापलेल्या पाकिटांवर विश्वास ठेवू नका, शू घासला जाणारच, तो घासला जावा म्हणूनच चेनपेक्षा मऊ करतात, आणि टेन्शनर पॉवर तयार करत नाही. मॉडेल आणि वर्षाप्रमाणे पार्ट नंबर जुळवा, जुन्या शूवर खोल चर पडलेत का आणि तेलात धातूची चमक आहे का ते बघा, असेल तर नुसता टेन्शनर बदलून भागणार नाही. नवा बसवल्यावर इंजिन पूर्ण थंड असताना चेन फिरवत चार-पाच ठिकाणी प्ले मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते, आणि जिथे सगळ्यात टाईट लागेल तिथला आकडा धरून सेटिंग करा.