ईथर, पेट ईथर आणि नाशिकचा उन्हाळा

एप्रिलच्या दुपारी नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयात डायइथिल ईथरची ५०० मिलिलिटरची तपकिरी बाटली उघडली, की झाकण सैल होताच 'फुस्स' असा आवाज येतो. पुस्तकात या द्रवाचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश सेल्सिअस छापलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून इथे तो दोनेक अंशांनी आणखी खाली येतो. बाहेर पारा चाळिशीला टेकला आणि प्रयोगशाळा गच्चीखालच्या मजल्यावर असली, तर कपाटातली ती बाटली म्हणजे मंद आचेवर ठेवलेले पातेलेच.

प्रात्यक्षिक परीक्षांच्या आधी दरवर्षी तोच प्रश्न निघतो: ईथर कपाटात ठेवायचे की फ्रीजमध्ये? प्रश्न साधा वाटतो. पण त्याआधी विचारायला हवे ते 'कुठले ईथर?' आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मुळात हे द्रव गंधकाम्ल आणि अल्कोहोल यांपासून सोळाव्या शतकात युरोपात तयार झाले. 'ईथर' हे नाव त्याला १७३० च्या सुमारास मिळाले, तेही उघड्यावर ठेवताच उडून जाते म्हणून. ग्रीकांच्या लेखी ईथर म्हणजे वरच्या आकाशातले तेजस्वी तत्त्व. पुढे शंभरेक वर्षे त्याला 'सल्फ्युरिक ईथर' म्हणत, आणि गंमत म्हणजे त्यात गंधकाचा अणूही नसतो. १८४६ मध्ये बोस्टनच्या एका दंतवैद्याने भूल देण्यासाठी ते जाहीरपणे वापरून दाखवले. १८४७ मध्ये ते कलकत्त्याच्या शस्त्रक्रियागृहात पोचले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात न पेटणारी भुलीची औषधे आली आणि ईथरला ऑपरेशन थिएटरमधून काढता पाय घ्यावा लागला. आपल्याकडच्या लहान रुग्णालयांत मात्र ते बरेच रेंगाळले. जुन्या पिढीतल्या अनेकांना 'दवाखान्याचा वास' म्हणून जो आठवतो, तो पुष्कळदा याचाच.

आता नावाकडे. प्रयोगशाळेत 'ईथर' या एका शब्दात दोन वेगळी द्रवे सुखाने नांदतात. एक डायइथिल ईथर, खरे ईथर. दुसरे पेट्रोलियम ईथर, बोलताना 'पेट ईथर'. हे दुसरे रसायनशास्त्राच्या व्याख्येने ईथरच नव्हे. त्यात ऑक्सिजन नाही; पेंटेन, हेक्झेन अशा हलक्या हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण, ४० ते ६० किंवा ६० ते ८० अंशांत उकळणारे. एकोणिसाव्या शतकात हलके, चटकन उडणारे द्रव दिसले की त्याला ईथर म्हणायची रीत होती, तिचे हे शेपूट. नुसता इतिहासाचा मामला असता तर सोडून देता आला असता. पण खऱ्या ईथरचा हवेशी आणि उजेडाशी संबंध आला की त्यात हळूहळू पेरॉक्साइडे तयार होतात. ती ईथरइतकी उडत नाहीत, त्यामुळे ऊर्ध्वपातन करताना फ्लास्कच्या तळाशी साचत जातात आणि शेवटच्या काही मिलिलिटरांत स्फोट होऊ शकतो. पेट ईथरच्या बाबतीत ही भीती जवळपास नाही. म्हणजे 'ईथर आहे, जपून' ही एकच सूचना एका बाटलीसाठी अपुरी पडते आणि दुसऱ्या बाटलीसाठी चुकीच्या जागी लक्ष वेधते.

कायद्यातही हीच गुंतागुंत आहे, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे. पेट्रोलियमविषयीच्या १९३४ च्या कायद्यात पेट्रोलियम म्हणजे द्रव हायड्रोकार्बन, त्यांची मिश्रणे किंवा ती असलेली ज्वालाग्राही मिश्रणे. पेट ईथर त्यात सरळ बसते, तेही २३ अंशांखाली ज्वलनबिंदू (ठिणगी लागताच वाफ पेट घेऊ शकते ते किमान तापमान) असलेल्या 'अ' वर्गात. या वर्गाचे द्रव विक्रीसाठी नसेल तर परवान्याविना ३० लिटरपर्यंत ठेवता येते, पण काचेचे भांडे एक लिटरपेक्षा मोठे चालत नाही. आता कोणत्याही प्रयोगशाळेचे सॉल्व्हंटचे, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांचे, कपाट उघडा: अडीच लिटरच्या काचेच्या बाटल्या रांगेत उभ्या असतात. विषय काढला की 'कंपनीकडूनच तशी येते' एवढे उत्तर मिळते. उलट खरे ईथर, जे पेट ईथरपेक्षा लवकर उकळते आणि वर पेरॉक्साइडे करते, ते हायड्रोकार्बन नसल्यामुळे या व्याख्येतच येत नाही. भोपाळनंतर आलेल्या घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनी आणि त्यांतल्या पुढच्या दुरुस्तीने वर्गवारी थेट ज्वलनबिंदू आणि उत्कलनबिंदूवर नेली. उकळण्याची रेषा ३५ अंशांवर आखली गेली, ३४.६ वाले ईथर अवघ्या ०.४ अंशाने सर्वांत वरच्या धोक्याच्या गटात गेले आणि पेट ईथर त्याखालच्या. लेबलांच्या जागतिक पद्धतीतही रेषा ३५ वरच आहे. नाव न बघता गुणधर्म बघणारी ही पद्धत मला जास्त शहाणी वाटते. प्रयोगशाळेतले रजिस्टर मात्र अजून नावानेच चालते.

हा घोटाळा मी एकदा जवळून पाहिला आहे. दुधातली स्निग्धता काढायची रोझ-गॉटलीब नावाची पद्धत आहे. तिच्यात अमोनिया आणि अल्कोहोल घालून झाले की आधी डायइथिल ईथर आणि मग पेट ईथर, दोन्ही लागतात. एका प्रयोगशाळेत टेबलावर दोन बाटल्या होत्या आणि दोन्हींवर स्केचपेनने एकच शब्द: 'ईथर'. मूळ लेबले द्रव ओघळून ओघळून केव्हाच पुसली होती. मी परिचर मामांना विचारले, "मामा, यातलं कुठलं कुठलं?" ते शांतपणे म्हणाले, "वास घ्या की सर, गोडसर आला तर खरं ईथर." तीसेक वर्षे त्यांनी असेच ओळखले असणार. आम्ही वास घेतला नाही. दोन परीक्षानळ्यांत थोडे थोडे पाणी घेऊन दोन्ही नमुने हलवून पाहिले. पेट ईथर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. खरे ईथर १०० मिलिलिटर पाण्यात सहा-सात ग्रॅम जाते, त्यामुळे वरचा थर लक्षात येईल इतका घटतो. मग खऱ्या ईथरचा एक मिलिलिटर पोटॅशियम आयोडाइडच्या ताज्या, आम्लयुक्त द्रावणात टाकला. पेरॉक्साइड किंचित असेल तर फिकट पिवळा रंग यायला हवा. आला तो चहाचा. ती बाटली किती वर्षांपूर्वी उघडली होती, हे कुणालाच सांगता येईना.

ते ईथर त्या दिवशी पेरॉक्साइड घालवण्यासाठी फेरस सल्फेटच्या द्रावणाने धुऊन घेतले. झाकणाभोवती पांढरे स्फटिक दिसले असते तर बाटलीला हातच लावायचा नसतो; आट्यांमध्ये अडकलेले पेरॉक्साइड झाकण फिरवण्याच्या घर्षणानेही फुटू शकते.

आता फ्रीज. हा निर्णय बऱ्याच विभागांनी केवळ उन्हाळ्याच्या धास्तीने घेतला, आणि माझ्या मते तो चुकीचा होता. ईथरचा ज्वलनबिंदू उणे ४५ अंश आहे. फ्रीजच्या ४ अंशांत झाकण जरा सैल राहिले तरी आत वाफ साठून तिचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते, आणि ईथरची वाफ हवेत सुमारे १.९ ते ३६ टक्के या सगळ्या पट्ट्यात पेट घेते. पेट्रोलचा पट्टा साडेसात-आठ टक्क्यांवर संपतो, हे लक्षात घेतले की ईथर किती सहज पेटते ते कळते. घरगुती फ्रीजमध्ये थर्मोस्टॅटची ठिणगी असते, दाराला लागून दिव्याचे बटण असते. सकाळी कुणी दार उघडतो आणि बटण आपले काम करते. आत ठिणगी होऊ नये म्हणून खास बनवलेले फ्रीज मिळतात, पण खरेदीच्या यादीत त्यांची किंमत पाहिली की पुढच्या वर्षावर ढकलले जाते. शिवाय थंडीने पेरॉक्साइड तयार होणे थांबत नाही, हा मुद्दा या चर्चेत कुणी काढतच नाही. तळमजल्यावरची सावलीतली, हवा खेळती असलेली खोली, लोखंडी कपाट आणि वर्षाला लागेल तेवढीच लहान बाटल्यांची मागणी, यावर भागते.

जुन्या अभ्यासक्रमात मिश्रणे वेगळी करायला 'ईथर सेपरेशन' असे, आणि एकाच टेबलावर दोघा-तिघांचे बर्नर. ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड. ती वर जात नाही, टेबलावरून पाण्यासारखी ओघळत जाते आणि चार हातांवरच्या ज्योतीला गाठून मागे परत येते. म्हणून शिक्षक सगळे बर्नर विझवायला लावून गरम पाण्याची परात फिरवत. पुढे विजेची शेगडी आली आणि ज्योत नाही म्हणून लोक निर्धास्त झाले. पण ईथर १६० ते १८० अंशांच्या तप्त पृष्ठभागावर ज्योतीशिवायही पेट घेते. शेगडीची तार त्याच्या कितीतरी पुढे असते.

गेल्या वीसेक वर्षांत नाशिकमधल्या सॉल्व्हंटचा मुख्य मुक्काम महाविद्यालयातून हलला. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले, २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनावरून पुन्हा कंटेनर अडकले, आणि निर्यातीच्या प्रत्येक बागेचा नमुना तपासणे आले. ही तपासणी प्रामुख्याने इथिल अ‍ॅसिटेटवर चालते: १० ग्रॅम वाटलेली द्राक्षे, १० मिलिलिटर सॉल्व्हंट, मग सेंट्रिफ्यूज. इथिल अ‍ॅसिटेट पेरॉक्साइड करत नाही, ७७ अंशांना उकळते, ईथरपुढे ते सभ्यच. ज्वलनबिंदू मात्र उणे ४, म्हणजे जानेवारीत नाशिककर शेकोटी करून बसतात त्या थंडीतही ते पेटण्याच्या तयारीत असते. आणि हंगाम जानेवारी ते एप्रिल असल्याने रोज शेकडो नळ्यांतून वापरलेले द्रव एका कॅनमध्ये जमा होत जाते. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या कॅनमध्ये सॉल्व्हंट ओतताना स्थिर वीज जमते. ओतणाऱ्याच्या अंगात नायलॉनचे स्वेटर असेल तर आणखी. धातूचा कॅन आणि त्याला अर्थिंगची वायर, हे मी काही ठिकाणी पाहिले आहे. काही ठिकाणी अजून पाण्याच्या रिकाम्या जारमध्येच काम चालते, आणि त्या जारवर स्केचपेनने लिहिलेले असते: 'वेस्ट ईथर'. आत ईथरचा थेंबही नसतो.