एकच रंग, दोन उत्तरं: कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियेत चमकणारी द्रव्यं

पिट्युटरी ग्रंथीचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी ती बसलेली असते. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड धमन्या, वर डोळ्यांच्या नसा. इथे गाठ झाली की बहुतेकदा न्यूरोसर्जन आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ जोडीने, नाकातून दुर्बीण घालून ती काढतात. ग्रंथी जास्त खरवडली गेली तर रुग्णाला जन्मभर हार्मोनच्या गोळ्या लागू शकतात. गाठ मागे राहिली तर ती पुन्हा वाढते. आणि पडद्यावर रक्ताने माखलेलं सगळं सारखंच दिसतं. आधी काढलेला एमआरआय नकाशासारखा वापरता येतो, पण गाठ काढू लागलं की आतल्या भागांच्या जागा बदलतात.

अशा वेळी मदतीला येतात प्रतिदीप्त रंगद्रव्यं. एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा परत देणं, हा त्यांचा गुण. नोट तपासायच्या अतिनील दिव्याखाली नोटेतले धागे चमकतात ते याच गुणामुळे.

इंडोसायनिन ग्रीन हे त्यातलं सगळ्यात वापरातलं. कोडॅकच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं आणि 1959 मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय वापराची परवानगी मिळाली. शिरेतून दिलं की ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं आणि यकृत ते झपाट्याने बाहेर टाकतं; तीन-चार मिनिटांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. त्याची चमक अवरक्त असते, डोळ्यांना न दिसणारी, म्हणून दुर्बिणीला वेगळा कॅमेरा लागतो. टोचल्यावर काही सेकंदांत धमन्या उजळतात. निरोगी पिट्युटरीत रक्तवाहिन्यांचं जाळं दाट, त्यामुळे ती ठळक दिसते आणि गाठ सहसा फिकी राहते.

आता हेच औषध बऱ्याच मोठ्या मात्रेत आदल्या दिवशी द्या. रक्तातलं औषध केव्हाच निघून गेलेलं असतं. गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं मात्र तिथेच अडकून राहतं. आता उजळते ती गाठ! पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या सर्जननी या पद्धतीवर बरंच काम केलं आहे. मला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते: रंगाला कर्करोग ओळखता येत नाही. तो रक्त कुठे पोचलं किंवा कुठे पाझरलं एवढंच सांगतो. सुजलेला भागही चमकतो. पडद्यावरच्या उजेडाचा अर्थ सर्जननेच लावायचा असतो.

गाठ काढल्यावर तळाला पडलेलं भोक बुजवावं लागतं. त्यासाठी नाकाच्या पडद्याचं अस्तर तिथे वळवतात. त्याला जिवंत ठेवणारी धमनी एका अरुंद देठातून येते. देठ पिळला गेला तर अस्तर मरतं आणि मेंदूभोवतालचं पाणी नाकातून गळू लागतं. जागेवर बसवल्यावर इंडोसायनिन देऊन ते उजळतं का, हे तिथल्या तिथे पाहता येतं.

पाणी गळतच असेल तर फ्लुरोसिन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी 1871 मध्ये बनवलेल्या या द्रव्याची अगदी थोडी मात्रा रुग्णाच्याच मेंदूजलात मिसळून, कंबरेतल्या सुईवाटे, सावकाश सोडतात. मग नाकात दुर्बीण घातली की स्वच्छ पाण्याऐवजी पिवळट हिरवी धार दिसते आणि तिचा माग काढत भोकापर्यंत पोचता येतं. मात्रा वाढली तर झटके येऊ शकतात, म्हणून मोजमाप काटेकोर हवं आणि रुग्णाची संमती आधी घ्यायला हवी.

मेंदूच्या आधारपेशींतून उगवणाऱ्या गाठीसाठी, म्हणजे ग्लायोमासाठी, 5-एएलए नावाचं औषध तोंडाने देतात. गाठीच्या पेशी त्यापासून पॉर्फिरिन हे चमकणारं द्रव्य बनवतात आणि निळ्या प्रकाशात लाल दिसतात. मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) हाडात शिरला असेल तर तिथेही ही लाली सापडते. निळा प्रकाश मात्र ऊतीत फार आत जात नाही, वर रक्ताचा पातळ थर आला तरी चमक झाकली जाते. अवरक्त प्रकाश काही मिलिमीटर आतलं दाखवतो. त्यापलीकडच्या धमनीसाठी डॉप्लरची, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारी, बारीक सळई टेकवून रक्ताचा आवाजच ऐकावा लागतो.