पेसमेकरला खरी धास्ती कातडीवरच्या जंतूची

पेसमेकर बसवलेलं माणूस घरी आलं की घरातले आधी मोबाइल आणि मायक्रोवेव्हकडे संशयाने बघायला लागतात. 'पेसमेकरवाल्यांनी फोन हातातही धरू नये' असले निरोप फिरत असतातच. प्रत्यक्षात मायक्रोवेव्हने काही होत नाही, आणि फोन छातीवरच्या खिशात न ठेवता यंत्रापासून पंधरा सेंटिमीटर लांब ठेवला की पुरतं.

जपायचं ते चुंबकापासून. चुंबक जवळ आलं की पेसमेकर हृदयाची स्वतःची चाल बघणं सोडून ठरलेल्या गतीने ठोके देत राहतो, आणि हृदयाची चाल जीवघेणी बिघडली तर झटका देऊन जीव वाचवणारं, तसंच छातीत बसवलेलं आयसीडी हे यंत्र झटका देणंच थांबवतं. ही सोय डॉक्टरांसाठी मुद्दाम केलेली असते. आयफोन १२ मधल्या चुंबकानेही आयसीडी असं गप्प होऊ शकतं, हे २०२१ मध्ये दिसून आलं. तेव्हा 'रक्ताभिसरण सुधारणारे' चुंबकीय पट्टे कुणी गळ्यात मारत असेल तर सावध राहा. रक्तातलं लोह त्या पट्ट्याला दाद देत नाही, पण छातीतलं यंत्र देतं.

मात्र यंत्र उपसून काढायची पाळी बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने येते. ते म्हणजे स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू. त्यातला एपिडर्मिडिस तर आपल्या प्रत्येकाच्या कातडीवर कायम मुक्कामाला असतो आणि एरवी कुणाच्या वाटेला जात नाही. आत एखादी परकी वस्तू असली की गणित बदलतं. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस टोचून पाहिले. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू लागले. तिथे रेशमी टाक्याचा धागा असला तर शंभरेक पुरले!

हे कसं होतं, ते मला या विषयातलं सगळ्यात भारी प्रकरण वाटतं. यंत्र शरीरात गेल्या गेल्या त्यावर रक्तातल्या फायब्रिनोजेनसारख्या प्रथिनांचा थर बसतो. या प्रथिनांना नेमके धरणारे रेणू जंतूच्या अंगावर असतात. तो चिकटतो, वाढतो आणि साखरेच्या रेणूंची लांब साखळी बाहेर सोडतो. साखळीवर धन भार, जंतूंच्या पृष्ठभागावर ऋण भार. त्यामुळे सगळी वस्ती एकमेकांना आणि यंत्राला घट्ट डकवली जाते. हीच बायोफिल्म. दातांवर चढणारं किटण हीसुद्धा बायोफिल्मच. पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेवर ती असते, हे १९८२ मध्ये मेरी, नेलिगन आणि कॉस्टरटन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं.

आता खरी गंमत. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जंतूची भिंत बांधणारी विकरं अडवतात. म्हणजे भिंतीचं बांधकाम चालू असेल तरच औषधाला काम. बायोफिल्मच्या तळातल्या जंतूंना ना पुरेसा प्राणवायू, ना अन्न. ते वाढणंच जवळजवळ थांबवतात. बांधकाम बंद, औषध बेकार. हा औषधाला सरावलेला जंतू नव्हे. त्यालाच उचलून प्रयोगशाळेत मोकळा वाढवला तर तो त्याच औषधाने मरतो. म्हणून रिपोर्टमध्ये 'औषध लागू पडतं' असं येतं आणि पेशंटची जखम मात्र गोळ्या संपल्या की पुन्हा चिघळते. पांढऱ्या पेशींचंही तिथे चालत नाही. धातूला रक्तवाहिन्या नसतात आणि एवढी मोठी वस्तू त्यांना गिळता येत नाही.

त्यामुळे नियम कडक आहे. वरवरच्या टाक्यापुरतीच लाली असेल तर गोळ्यांवर भागतं. पण यंत्राच्या जागी पू झाला, किंवा कातडी झिजून यंत्राचा कोपरा बाहेर डोकावला, तर यंत्र आणि सगळ्या तारा काढायच्या. नुसतं यंत्र काढून तारा ठेवल्या तर वस्ती तारेवरून थेट हृदयात पोचलेली असू शकते; झडपेवर बसली तर जिवावर बेततं. जागा फुगली म्हणून सुईने ओढून बघणं हाही घातक उद्योग, कारण बहुधा ते नुसतं साकळलेलं रक्त असतं आणि सुईबरोबर जंतू आत जातात.

मुळात यंत्राच्या जागी असं रक्त साकळू न देणंच बरं, त्याने संसर्गाचा धोका कितीतरी वाढतो. शस्त्रक्रियेआधी रक्त पातळ करण्याची वॉरफरिनची गोळी बंद करून मध्ये हेपारिन या तशाच औषधाची इंजेक्शनं द्यायची, ही जुनी रीत. २०१३ च्या ब्रूझ कंट्रोल चाचणीत त्या रीतीने १६ टक्के पेशंटना साकळलेल्या रक्ताची मोठी गाठ झाली. वॉरफरिन चालूच ठेवलेल्यांत फक्त ३.५ टक्के. तेव्हा गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, सर्जनला विचारा.

बॅटरी संपल्यावर यंत्र बदलताना तर धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो, कारण जुन्या जागेत आधीच जुन्या जखमेच्या व्रणाच्या उतींचा कोष असतो आणि तिथे रक्तपुरवठा कमी. १९५८ मध्ये जगातला पहिला पूर्ण आत बसवलेला पेसमेकर ज्यांना मिळाला त्या आर्ने लार्सन यांना २००१ पर्यंतच्या आयुष्यात २६ यंत्रं लागली. आता कापण्यापूर्वी तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून देतातच. शिवाय जोखमीच्या पेशंटमध्ये मिनोसायक्लिन आणि रिफॅम्पिन ही अँटिबायोटिकं झिरपवणाऱ्या जाळीच्या पिशवीत यंत्र घालतात. २०१९ च्या चाचणीत त्या पिशवीने वर्षभरातले मोठे संसर्ग १.२ वरून ०.७ टक्क्यांवर आले.

तारा काढणं मात्र सोपं नाही. वर्ष उलटलं की त्या शिरेला आणि हृदयाला चिकटतात. लेसरच्या नळीने सोडवताना मोठी शीर फाटू शकते, म्हणून हृदयशस्त्रक्रियेची टीम तयार असलेल्या ठिकाणीच हे करावं. तारा निघाल्यावर पहिला प्रश्न असतो, नवीन यंत्र लागणार आहे का? काहींना लागतच नाही. लागलं तर रक्ताच्या तपासणीत बहात्तर तास जंतू उगवले नाहीत की छातीच्या दुसऱ्या बाजूला बसवतात, तोवर गरजेप्रमाणे तात्पुरत्या तारेवर ठेवतात.